मेंढवाडा आणि जमिनीचा कस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी प्रथम आम्हांस शिक्षणावर बोलावयास सांगितले होते. निवृत्त शिक्षकाने दुसरे काय बोलावयाचे, असे त्यांस वाटले असावे. परंतु शिक्षणाविषयी आणि समाजाच्या मागण्यांविषयी आमच्याहून अधिकारी वक्ते ह्याच व्यासपीठावरून बोलणार आहेत. म्हणून चिटणीसांची अनुज्ञा घेऊन आम्ही विषय बदलला. ह्या सभामंडपात बसलेल्या बहुतेक कुटुंबांच्या घरी चार-दोन एकरांपासून पंधरा-वीस एकरांपर्यंत जमीन आहे. आणि ज्यांच्या घरी आज मेंढ्या नाहीत, त्यांच्या आजोबांच्या घरी त्या खात्रीने होत्या. जमीन राखावी आणि मेंढ्या विकाव्या, असा विचार घरोघर चालू आहे. तो विचार हिशेब करून होत आहे की हिशेबावाचून, एवढेच आज पाहावयाचे आहे.

हल्ली 'पुनरुज्जीवक शेती' असा एक शब्द निघाला आहे. नांगरट कमी करावी, जमीन उघडी ठेवू नये, एकाच पिकावर विसंबू नये आणि शेतात जनावर फिरते ठेवावे, म्हणजे झिजलेली माती पुन्हा सजीव होते, असा त्याचा भावार्थ आहे. अमेरिका व ऑस्ट्रेलिया ह्या देशांतील मोठमोठ्या जमिनींवर गायी, मेंढ्या, डुकरे व कोंबड्या ह्यांचे मिश्र पालन करून ही पद्धती चालविली जाते. तेथील शेतकरी विजेच्या तारेचे कुंपण रोज पुढे सरकवितो व कळप एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात नेतो. आमच्या वाचनात हे आले तेव्हा आम्हांस वाघर आठवली. सुताच्या दोरीची जाळी, तिला चार खुंट, आणि रोज सायंकाळी ती उपटून दुसऱ्या तुकड्यात रोवणारा आपला माणूस. विजेची तार नव्हती, एवढाच काय तो फरक.

आपल्या समाजाचे हटकर मेंढ्यांमागे, खुटेकर लोकरीमागे आणि गवळी धनगर म्हशींमागे, असे पोटभेद जुन्या लोकांस ठाऊक आहेत. त्यांतील मेंढ्यांमागील वाडे माण, खटाव, फलटण, आटपाडी, सांगोला ह्या कमी पावसाच्या मुलखातून दसरा-दिवाळीनंतर निघत, आणि त्यांतील कित्येक घाट उतरून कोकणात जात. भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसवीत व मृगाच्या सुमारास परत येत. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि त्यांत कोवळी कोकरे सांभाळणारी घरची स्त्री. मेंढ्या बसविण्याबद्दल खाचराचा मालक धान्य देई, पुढे पैसे देऊ लागला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुणबी हा मोबदला मांसाचा किंवा लोकरीचा देत नव्हता. तो एका रात्रीच्या लेंड्यांचा आणि मुताचा देत होता. जो पदार्थ आज आपल्याच पोरांना ओंगळ वाटतो, त्यावर वाडा सहा महिने गुजराण करी.

इंग्लंडातही असेच होते. अठराव्या शतकात नॉर्फक परगण्यात सलगम, जव, क्लोव्हर व गहू अशी चार वर्षांची पाळी धरीत. सलगमाच्या शेतात मेंढ्या कोंडून त्यांना ते तेथेच चारीत, आणि त्यांच्या खतावर जव पेरीत. तेथील लोक मेंढीच्या खुराला 'सोन्याचा खूर' म्हणत. आपल्याकडे सोन्याचे नाव खुराला कोणी दिले नाही, भंडाऱ्याला दिले, असो.

महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात जंगलखात्याने गायराने अडविल्यामुळे शेतकऱ्याची गुरे-मेंढरे कशी उपाशी मरतात, हे त्यांनी पोटतिडकीने सांगितले आहे. आणि उपाय सुचविताना परमुलखातून चांगल्या जातीच्या शेळ्यामेंढ्यांचे बेणे आणावे, त्यांच्या खताने जमीन सुधारेल, असेही म्हटले आहे. ह्या पुस्तकाचे नाव आपल्या सभांतून पुष्कळदा घेतले जाते. मेंढरांविषयीचा तो भाग मात्र फारसा वाचला जात नाही.

दुसरे नाव सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांचे. हे गृहस्थ १९०५ साली बिहारात पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले, आणि १९२४ ते १९३१ पर्यंत इंदूर येथील संस्थेचे प्रमुख होते. ती संस्था ज्या जमिनीवर उभी राहिली, ती इंदूर दरबारने, म्हणजे होळकरांनी, दिली होती. अहिल्याबाईंच्या गादीने दिलेल्या भूमीवर जगातील सेंद्रिय शेतीचा पाया घातला गेला, हे आपल्या मुलांना शाळेत कोणी शिकवीत नाही. म्हणून येथे सांगतो. तेथे तयार झालेले १९३१ चे पुस्तक हॉवर्ड व यशवंत वाड अशा दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले. पालापाचोळा, धसकटे, त्यात थोडे शेण, गोठ्यातील मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख, असे थर रचावयाचे, पाणी मारावयाचे, ठरावीक वेळी ढीग फिरवावयाचा, म्हणजे तीन महिन्यांत उत्तम खत होते. हीच 'इंदूर पद्धती'. हॉवर्डसाहेब इथल्या रयतेला आपले गुरू म्हणवीत. हा त्यांचा मोठेपणा होय. परंतु रयतेने तेच ज्ञान स्वतःच्या घरी टाकून द्यावे, ही गोष्ट काही आनंदाची नव्हे.

ह्या पद्धतीतील मुताच्या मातीकडे आपण विशेष लक्ष द्यावे. जनावराच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या नत्रापैकी फार मोठा भाग मुतात असतो. आपण शेण जपतो आणि मूत गटारात सोडतो. हॉवर्डांनी गोठ्यात फरशी न घालता मातीची जमीन ठेविली, आणि ती मुरलेली माती दर काही महिन्यांनी खणून खतात घातली. आज ज्यांच्या गोठ्यात फरशी आहे, त्यांनी ती उखडू नये. उताराच्या टोकाला एक खड्डा करून त्यात कोरडी माती किंवा भुसा टाकला तरी पुष्कळ साधते.

आता हिशेबाकडे वळू. आमच्याकडे एकदा तीन भावांच्या वाटणीचे काम आले. कागदपत्र लिहून द्यावयास गावात अजूनही शिक्षकालाच बोलावितात. जमीन चौदा एकर, त्यात एक विहीर, खिलारी बैलांची एक जोडी, दोन गायी, एक म्हैस आणि नव्वद मेंढ्या. थोरला शेत पाही, धाकटा मेंढ्यांमागे असे, आणि मधला शहरात नोकरीला. दोघांचे म्हणणे, मेंढ्या विकून पैसे तिघांत वाटावे. आम्ही मेंढ्यांची बाजारभावाने किंमत लिहिली, कोकरांचे वर्षाचे उत्पन्न लिहिले, आणि कागद वाचून दाखविला. तेव्हा धाकटा म्हणाला, "गुरुजी, समदं लिवलंसा, पर आमची रात कुठं लिवली?"

प्रश्न रास्त होता. वर्षातील किती रात्री त्या मेंढ्या त्याच चौदा एकरांत बसल्या, आणि त्या रात्रींची किंमत काय, हे कागदावर नव्हते. म्हणून आम्ही शाळेतील त्रैराशिकाप्रमाणे ते मांडले. तेच येथे सांगतो. आपण आपापल्या घरी ताडून पाहावे.

शंभर मेंढ्या धरा. वाघरीत दाटीने बसल्या म्हणजे एका रात्रीत सुमारे एक गुंठा व्यापतात. एकरात चाळीस गुंठे. म्हणजे शंभर मेंढ्यांना एक एकर बसून काढावयास चाळीस रात्री लागतील, चारशे मेंढ्यांना दहा. मोठी मेंढी दिवसरात्रीत सुमारे एक किलो ओल्या लेंड्या टाकते. त्यांतील निम्म्या रात्रीच्या धरल्या तर शंभर मेंढ्यांच्या पन्नास किलो होतात. त्यात दोन हिस्से पाणी जाऊन कोरड्या सतरा-अठरा किलो उरतात. कोरड्या लेंडीखतात शेकडा तीन भाग नत्र, एक भाग स्फुरद व दोन भाग पालाश असते असे कृषिविद्यालयांची पुस्तके सांगतात; साध्या शेणखतात नत्र अर्धा भागच. म्हणजे लेंड्यांतून अर्धा किलो नत्र, आणि जवळजवळ तितकेच मुतातून. शंभर मेंढ्यांची एक रात्र म्हणजे ढोबळ मानाने एक किलो नत्र.

आता युरियाचे पोते पाहा. ४५ किलोच्या पोत्यात शेकडा ४६ प्रमाणे २०.७ किलो नत्र असते. आणि सरकार बोजा उचलत असल्याने ते पोते शेतकऱ्याला पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. तेव्हा शंभर मेंढ्यांच्या वीस रात्री एका पोत्याच्या बरोबरीच्या झाल्या. थोरल्या भावाने हे ऐकून मान हलविली. एवढ्यासाठी कोणी वीस रात्री थंडीत लांडग्याची राखण करीत बसेल काय? नुसत्या नत्राच्या तराजूत तोलले तर मेंढवाडा हरतो, हे आम्ही त्या घरी स्पष्ट सांगितले आणि येथेही सांगतो. सेंद्रिय शेतीचे काही उत्साही प्रचारक हा आकडा लपवितात. त्यामुळे शेतकऱ्याचा विश्वास उडतो.

परंतु त्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आणखीही वजने आहेत. युरियात नत्राखेरीज मातीला खावयास काहीच नसते. लेंडीत स्फुरद आहे, पालाश आहे, गंधक आहे, सूक्ष्म द्रव्ये आहेत, आणि मुख्य म्हणजे गांडूळ, शेणकिडा व डोळ्यांना न दिसणारे जंतू ह्यांचे अन्न आहे. ते जंतू मातीचे कण एकमेकांस चिकटवितात. म्हणून पावसाचे पाणी वाहून न जाता मुरते. आमच्या मुलखात वर्षाकाठी पाऊस वीस इंचांच्या आसपास, आणि तोही चार-पाच धो-धो सरींत. त्यातला मुरतो किती, ह्यावर जोंधळ्याचे कणीस ठरते. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी बांधबंदिस्तीच्या कामावर दगड फोडले, त्यांस हे वेगळे सांगावयास नको.

मृदापरीक्षणाची पत्रिका आता पुष्कळांच्या घरी असते. तीत सेंद्रिय कर्बाचा रकाना पाहावा. तो ०.४० टक्क्यांच्या आत असेल तर 'कमी' असा शेरा येतो, आणि कोरडवाहू मुलखात तो शेरा फार ठिकाणी आढळतो. मेंढ्या बसविल्याने हा आकडा वाढेल काय? येथेही त्रैराशिक करू. एका एकरातील वरच्या अर्ध्या फूट मातीचे वजन सुमारे नऊ लाख किलो. त्यात कर्ब एक दशांश टक्का वाढवावयाचा तर नऊशे किलो कर्ब त्या मातीत टिकून राहिला पाहिजे. एकरभर मेंढ्या बसून गेल्या तर कोरडे खत सहासातशे किलो पडते, त्यात कर्ब तीनशेच्याही आत, आणि त्यातील बराचसा जंतूंच्या श्वासाबरोबर हवेत जातो. तेव्हा एका वाड्याने जमीन पालटत नाही. मग उरलेला कर्ब कोठून यावयाचा?

तो मुळांतून यावयाचा. गवताची मुळे जमिनीतच वाढतात, तेथेच मरतात आणि तेथेच कुजतात. त्यांचा कर्ब शेणखतातील कर्बापेक्षा मातीत अधिक टिकतो. म्हणूनच नुसत्या मेंढ्या पुरत नाहीत आणि नुसते शेतही पुरत नाही; काही भाग गवताखाली असावा लागतो. पूर्वी पड ठेवीत, तिचे हे कारण होते. दहा एकर असतील तर दोन एकर तीन वर्षे मारवेल, स्टायलो, दशरथ घास अशा चाऱ्याखाली ठेवावे, मग ते मोडून त्यात बाजरी-मटकी घ्यावी आणि दुसरे दोन एकर गवताला द्यावे. उरलेल्या आठांत जोंधळा, तूर, हुलगा आलटून पालटून. तुरीचा गळलेला पाला, जोंधळ्याची धसकटे, बांधावरचे गवत, हे सर्व मेंढी वेचते. मात्र जोंधळ्याचा कोवळा फुटवा तिला खाऊ देऊ नये. त्यात विष असते.

गवत कसे चारावे ह्याविषयी आंद्रे व्हॉयझँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने १९५७ साली एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की कुरण उजाड होते ते जनावरांच्या संख्येने नव्हे, तर जनावर तेथे किती वेळ राहते आणि पुन्हा किती लवकर येते ह्याने. एकदा खाल्लेले गवत पुन्हा अंग धरण्यापूर्वी दुसऱ्यांदा खाल्ले गेले की त्याचे मूळ खचते. ह्याच विचारावर पुढे आफ्रिकेतील ॲलन सेव्हरी ह्यांनी मोठी इमारत उभारली, आणि जनावरांच्या फिरत्या कळपांनी वाळवंटेही हिरवी होतील असे ते म्हणू लागले. पुष्कळ शास्त्रज्ञांना हे मान्य नाही, आणि आमचेही मत त्यांच्याच बाजूचे आहे. पण व्हॉयझँचा मूळ मुद्दा खरा आहे. वाडा एका गावी चार रात्रींवर राहत नसे, त्यात हा नियम आपोआप पाळला जाई. आज कुरणे गेली, रस्ते अडले, आणि मेंढ्या एकाच टेकडीवर बारा महिने फिरू लागल्या. टेकडी उजाड झाली की दोष मेंढीच्या तोंडाला लावतात.

मिश्र पालनात इतर जनावरांचेही काम आहे. बैल गेले आणि ट्रॅक्टर आला, त्याविषयी आम्ही रडत बसणार नाही. खरसुंडीच्या बाजारातील खिलार आता किती जणांना परवडतो? पण एक गाय आणि दहा कोंबड्या कोणालाही परवडतात. मेंढ्या उठल्यावर त्या तुकड्यात कोंबड्या सोडाव्या. त्या गोचीड व अळ्या वेचतात, लेंड्या विस्कटतात. जंताच्या औषधाविषयी मात्र एक सूचना. आयव्हरमेक्टिनसारखे औषध दिल्यावर त्याचा अंश काही दिवस शेणालेंड्यांत उतरतो आणि शेणकिड्यांची पैदास मारतो. औषध द्यावयासच हवे तेव्हा अवश्य द्यावे, परंतु दर महिन्याला सवयीने देऊ नये, आणि दिल्यानंतर आठवडाभर कळप पिकाच्या शेतात बसवू नये, असे आम्ही सुचवितो.

मेंढ्या बसवून घेणाऱ्यांच्या तक्रारीही आमच्या कानांवर आहेत. वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलेल्या मेंढ्या तिचे बी शेतात टाकतात, ही तक्रार खरी आहे; त्यावर उपाय म्हणजे शेंगा पडण्याच्या दिवसांत कळप आधी दोन रात्री पडीत बसवावा. खत पडले पण गुण आला नाही, ही दुसरी तक्रार. तिचे कारण बहुधा असे की कळप उठल्यावर जमीन तशीच उघडी राहिली. मुतातील नत्र उन्हात वायुरूप होऊन उडून जाते. तो उग्र वास येतो तो त्याचाच. ज्या सकाळी वाघर उपटली, त्याच सकाळी वरवर कुळवाची एक पाळी दिली पाहिजे. खोल नांगरू नये. पाच हजार रुपये देऊन मेंढ्या बसवावयाच्या आणि पाचशे रुपयांच्या पाळीसाठी आठ दिवस थांबावयाचे, असे करणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

मेंढी कोणती, हाही प्रश्न विचारला जातो. काळी दख्खनी मेंढी चालण्यास काटक. माडग्याळ अंगाने मोठी व बाजारात भाव घेणारी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोल मेंढीचा जुळे देण्याचा गुण दख्खनीत उतरविला, आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. ज्यांना थोड्या मेंढ्यांत अधिक कोकरे हवी, त्यांनी तिचा विचार करावा. परंतु जुळ्यांना आईचे दूध पुरावयास चारा तसा लागतो. शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या व एक नर ह्यांसाठी अनुदान ठेविले होते. ज्यांना अर्ज करावयाचा असेल त्यांनी पशुसंवर्धन खात्याच्या तालुका कचेरीत सध्याचे नियम विचारून घ्यावे.

त्या तीन भावांचे काय झाले, असे आपण विचाराल. आम्ही कागदात एक कलम वाढविले. धाकट्याच्या मेंढ्या वर्षातून साठ रात्री थोरल्याच्या व मधल्याच्या वाट्याच्या जमिनीत बसतील, त्याबद्दल प्रत्येकाने त्याला चारशे पेंढ्या कडबा आणि दोन पोती जोंधळा द्यावा. आणि विहिरीवर मेंढ्यांना पाण्याचा हक्क राहील. मधल्याने सही करण्यास सहा महिने घेतले. नव्वदांपैकी तीस मेंढ्या विकल्या गेल्या, साठ राहिल्या. धाकट्याचा मुलगा बारावीला आहे. तो मेंढ्यांमागे जाईल असे आम्हांस वाटत नाही, आणि त्याने जावे असा आग्रह आम्ही कोणत्या तोंडाने धरावा? रात्रीची राखण, वाटेवरची भांडणे, बांधावरून खाल्लेल्या शिव्या, कोठे कोठे मारहाण, हे सर्व सोसून त्याच्या बापाने त्याला शिकविले आहे. ज्यांची जमीन मेंढ्यांनी सुधारते त्यांनी वाड्याला मान व योग्य मोबदला दिला नाही, तर शिकलेला मुलगा ह्या धंद्यात राहणार नाही; आणि जमिनीच्या मालकांत आता आपलेही लोक आहेत. टेंभूचे पाणी आले, डाळिंबाच्या बागा झाल्या, आणि आपल्याच ज्ञातीच्या बागाईतदाराने आपल्याच ज्ञातीच्या मेंढपाळाला बांधावरून हुसकावल्याची उदाहरणे आमच्या कानांवर आली आहेत.

म्हणून मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवून आम्ही रजा घेतो. मंडळाने एक वही करावी. एका बाजूस, ज्यांना शेतात मेंढ्या बसवून हव्या आहेत त्यांचे गाव, एकर, पाण्याची सोय आणि शेत मोकळे होण्याचा महिना. दुसऱ्या बाजूस, ज्यांचे वाडे बाहेर पडतात त्यांचे गाव, मेंढ्यांची संख्या आणि वाट. दर रात्री शंभर मेंढ्यांमागे मोबदला किती, हे दोन्ही बाजूंच्या पाच-पाच माणसांनी बसून दरवर्षी दसऱ्यापूर्वी ठरवावे, आणि तो दर ह्याच स्मरणिकेत छापावा. वही सांभाळण्याचे काम आम्ही आनंदाने करू. आजच्या जेवणानंतर आम्ही मंडपाच्या उजव्या बाजूस बसणार आहोत. नावे तेथे द्यावीत, आणि बहिणींनीही द्यावीत, कारण वाड्याचा खरा हिशेब पुष्कळ घरी त्यांच्याकडेच असतो.